नर्सिंगचा अभ्यास : वॉर्डात जायच्या आधी एवढं सगळं कशाला?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

रजिस्टर्ड नर्स व्हायचं म्हणून पदवीला प्रवेश घेतला. पहिलं सेमिस्टर संपत आलंय आणि खऱ्या पेशंटला हात लावायची वेळ अगदीच मोजकी आली. सकाळी अ‍ॅनाटॉमी, मग फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, दुपारी मानसशास्त्र, मध्येच समाजशास्त्र. क्रेब्स सायकल (पेशी ऑक्सिजन वापरून ऊर्जा कशी बनवते ते चक्र) घोकून घोकून घसा बसला. स्किल लॅबमध्ये आम्ही एका प्लास्टिकच्या पुतळ्याला आंघोळ घालतो, आणि ती नीट घातली नाही म्हणून बोलणीही खातो. त्यात केअर प्लॅन नावाचं प्रकरण: एकेका पेशंटवर पानंच्या पानं हातानं लिहायची.

जे आज प्रत्यक्ष ड्यूटी करतात त्यांना विचारायचंय, यातलं खरोखर किती लागतं? की परीक्षा झाली की सगळं गंगेला मिळतं? आणि तीन वर्षांचा डिप्लोमा केला असता तर फार काही बिघडलं असतं का?

तिरकस
पुतळा तक्रार करत नाही तोवर आंघोळ घालून घे. पुढचे सगळे करतात.

रात्रपाळी
निळी, मी आयसीयूत आहे, बरीच वर्षं झाली. क्रेब्स सायकल मला आज फळ्यावर काढता येणार नाही. पण फिजिऑलॉजीला नावं ठेवू नकोस गं.

पोटाचं ऑपरेशन होऊन आलेला तरुण पेशंट. बीपी ११८/७६, एकदम छान. नाडी मगाशी ८८ होती, आता १०४. तासाभराने ११६. लघवीच्या पिशवीत तासाला चाळीस मिली पडत होती ती वीसवर आली. हात गार लागतात, आणि पेशंट उगाचच चुळबुळ करतोय. बीपी अजूनही ११४/८२. ज्याला फक्त आकडे टिपायला शिकवलंय तो लिहील ‘बीपी नॉर्मल’ आणि पुढच्या खाटेकडे जाईल. ज्याने कॉम्पेन्सेशन समजून घेतलंय त्याला दिसतं की आत कुठेतरी रक्त जातंय. हृदय वेगाने धावून आणि रक्तवाहिन्या आवळून शरीर बीपी कसंबसं धरून ठेवतंय. वरचा आणि खालचा आकडा जवळ येत चाललेत तेही त्यामुळेच. तरुण माणसाचं बीपी उशिरा पडतं, आणि पडतं तेव्हा धाडकन पडतं. हे वॉर्डात अनुभवानेही कळतं, पण अनुभव येईपर्यंत त्या पेशंटचं काय?

मायक्रोबायॉलॉजी तर रोज लागते. समाजशास्त्राबद्दल मौन पाळते.

कोपऱ्यातला
जरा विरुद्ध बाजूने. मी नर्सिंग पूर्ण केलं, नोंदणी केली, काही वर्षं मेल सर्जिकल वॉर्डात काढली, आता वेगळ्या क्षेत्रात आहे. त्यामुळे मोकळेपणाने बोलतो.

केअर प्लॅन म्हणजे निव्वळ सुलेखनाचा वर्ग. आमच्या कॉलेजात (नाव नको) सीनियरच्या फाईली बॅचमागून बॅच फिरायच्या. पेशंटचं वय आणि खाट क्रमांक बदलला की नवीन केअर प्लॅन तयार. ट्यूटर तपासायच्या त्या समास आणि लाल रेघा. तेवढ्या वेळात पेशंटशेजारी बसलो असतो तर जास्त शिकलो असतो. सलाईन लावायला मला एका इंचार्ज सिस्टरने शिकवलं: शीर डोळ्यांनी शोधायची नाही, बोटाने शोधायची, दाबली की उसळते ती खरी. असलं शिक्षण वर्गात मिळत नाही.

आणि समाजशास्त्राबद्दल मी मौन पाळणार नाही. काढून टाका.

चष्मा_कुठाय
कोपऱ्यातला, समास तपासणाऱ्या जमातीतली मीही एक, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

कॉपी केलेला केअर प्लॅन कचराच असतो, मान्य. पण तो लिहायला लावतात कशासाठी ते पाहू. डॉक्टरांचं निदान ‘न्यूमोनिया’. ते त्या वॉर्डातल्या चार पेशंटना सारखंच असेल. नर्सचं निदान वेगळं: या आजोबांना कफ सुटत नाही, कारण बरगडी दुखते म्हणून ते खोकायचंच टाळतात. मग नियोजन काय? वेदनाशामक दिल्यावर अर्ध्या तासाने बसतं करायचं, उशी छातीशी धरून खोकायला शिकवायचं, पाणी पाजायचं, दुपारी पुन्हा छाती ऐकायची. फरक पडला का? नसेल तर कारण शोधायचं. पाहणी, निदान, नियोजन, कृती, मूल्यमापन. मुरलेली नर्स हे सगळं खाटेकडे चालत जाता जाता डोक्यात करते. नवख्या मुलीच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत नाही, म्हणून कागदावर मागते.

निळी, आता तुझ्या पुतळ्याचं. डोळा पुसताना नाकाकडून कानाकडे पुसायचा, आणि दुसऱ्या डोळ्याला कापडाचा दुसरा कोपरा घ्यायचा, म्हणजे एका डोळ्याचा संसर्ग दुसऱ्यात जात नाही. कुशीवर वळवलं की आधी माकडहाड आणि टाचा बघायच्या. लाल दिसलं तर बोटाने दाबायचं. दाबल्यावर पांढरं पडून परत लाल झालं तर ठीक, लालच राहिलं तर बेडसोरची (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी सुरू झाली. वर्ण सावळा असेल तर लाली दिसतच नाही, तिथे हाताला ती जागा गरम किंवा टणक लागते का ते पाहायचं. पेशंटला डोक्यापासून पायापर्यंत उघड्यावर पाहण्याची दिवसातली ही एकच वेळ असते. आंघोळीवरून बोलणी बसतात ती यासाठी.

तिरकस
डोळा नाकाकडून कानाकडे. घरी सगळ्यांना सांगून झालं. कोणी ऐकत नाही.

वाटसरू_७
थोडं अवांतर. वडील रुग्णालयात होते तेव्हा एक नर्स रोज नाडी बघायची आणि बघून झाल्यावरही मनगट सोडायची नाही. घड्याळाकडे बघत तशीच उभी. वडील म्हणायचे हिला मोजता येत नाही बहुतेक. तेव्हापासूनची शंका आहे, ती काय करत होती?

रात्रपाळी
@वाटसरू_७, श्वास मोजत होती! ‘आता तुमचे श्वास मोजते’ म्हटलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून बोटं मनगटावर तशीच ठेवायची, पेशंटला वाटतं नाडीच चाललीय, आणि नजर छातीवर. श्वास लयीत नसेल तर पूर्ण मिनिट मोजायचा. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा सगळ्यात आधी हाच आकडा वाढतो, आणि सगळ्यात जास्त अंदाजपंचे भरला जातो तोही हाच. एखाद्या वॉर्डाचे चार्ट उघडून बघा, झाडून सगळे १८ नाहीतर २० ने श्वास घेत असतात.

वाटसरू_७
अरेच्चा. वडील आता नाहीत, नाहीतर त्यांना सांगितलं असतं. धन्यवाद.

दूरदेशी
वर्गात किती वेळ आणि पेशंटजवळ किती, हा मुद्दा निघालाय म्हणून. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे जनरल नर्सच्या शिक्षणाला किमान तीन वर्षं आणि ४६०० तास लागतात. त्यात किमान एक तृतीयांश थिअरी, आणि निम्मे तरी तास प्रत्यक्ष क्लिनिकल. म्हणजे ‘वर्ग की वॉर्ड’ हा वाद तिथे नियमातच मिटवून टाकलाय, दोन्ही घ्या!

अमेरिकेत पदवी असो वा दोन वर्षांची असोसिएट डिग्री, शेवटी नर्सच्या परवान्यासाठी सगळ्यांना तीच एनक्लेक्स परीक्षा. ती संगणकावर असते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न ठरतो. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. पुरेशी खात्री झाली की संगणक आपणहून थांबतो, मग ती खात्री पास होण्याची असो की नापास होण्याची. ८५ व्या प्रश्नानंतर पडदा कोरा झाला की पोटात जो गोळा येतो, त्याला तोड नाही.

आणि प्रश्न कसे? ‘खालील चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जाल?’ चौघंही आजारी, चारही पर्याय बरोबरच वाटतात. इथे पाठांतर कामाचं नाही, पण पाठांतराशिवायही जमत नाही.

निळी_शाई
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. @चष्मा_कुठाय, आंघोळीचं असं कोणी समजावलंच नव्हतं. आमच्याकडे ‘स्टेप्स पाठ करा’ एवढंच.

आणखी एक भीती. औषधांचं गणित. लॉगबुकात सही मिळायला त्या पेपरात शंभर टक्के लागतात आणि मी शाळेत गणितापासून लांब पळालेली.

रात्रपाळी
ते शंभर टक्के योग्यच आहेत. ९० टक्के बरोबर म्हणजे दहातल्या एका पेशंटला चुकीचा डोस!

गणित तिसरी-चौथीचंच असतं गं. घ्यायचंय किती, हातात किती, किती मिलीत आहे. ५०० मिग्रॅ द्यायचंय, बाटलीवर ५ मिलीत २५० मिग्रॅ लिहिलंय, म्हणजे १० मिली. सलाईन १००० मिली ८ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांचा एक मिली. १००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं. ४१.६ येतं, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो तो आधी वाच. १५ चा सेट असेल तर तेच उत्तर ३१ होईल.

खरी मेख पुढेच आहे. उत्तर आलं की डोळ्यांसमोर आण. एका डोससाठी पाच अ‍ॅम्प्युल (औषधाच्या काचेच्या कुप्या) फोडायला लागतायत? थांब, दशांश चिन्ह कुठेतरी घसरलंय. आणि लिहिताना ‘१.०’ कधीच लिहायचं नाही, टिंब पुसट झालं की १० होतं. उलट ‘.५’ ही नाही, ‘०.५’ लिहायचं.

चष्मा_कुठाय
+१. भर घालते: इन्सुलिन, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि पोटॅशियम या तिघांचं गणित स्वतःला येत असलं तरी दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं, आणि दुसऱ्याने ते वेगळं, स्वतंत्र करायचं. ‘हो ना, ४२ च ना?’ असं विचारून मान डोलवून घेतली तर ती तपासणी नव्हे. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत द्यायचं नाही, हृदय थांबतं. हे विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

जुनी_पोथी
इतिहासाची आवड म्हणून एक पिंक टाकतो. कोपऱ्यातल्यांच्या बाजूने एक वजनदार नाव आहे: फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

तिच्या नावाची प्रशिक्षण शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये सुरू झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. पण नर्सेसची सरकारी नोंदणी व्हावी अशी चळवळ इंग्लंडात सुरू झाली तेव्हा नाइटिंगेल विरोधात उभी राहिली. परीक्षा घेऊन नाव नोंदवहीत घातलं म्हणजे चांगली नर्स झाली असं नव्हे, नर्सचा स्वभाव आणि वागणं परीक्षेत मोजता येत नाही, असा साधारण तिचा मुद्दा. समोर होत्या एथेल बेडफर्ड फेनविक. त्यांचं म्हणणं, डॉक्टरांची नोंदणी होते तर नर्सची का नाही? कोणीही उठून पांढरा एप्रन घालून स्वतःला नर्स म्हणवून घ्यावं का?

बाजी शेवटी फेनविकबाईंनी मारली, पण वेळ फार लागला. न्यूझीलंडने आधी नंबर लावला, १९०१ चा कायदा, आणि १९०२ मध्ये एलेन डॉहर्टी पहिल्या नोंदणीकृत नर्स झाल्या. ब्रिटनचा कायदा १९१९ चा. तिथल्या नोंदवहीत पहिलं नाव फेनविक यांचंच.

तिरकस
म्हणजे नाइटिंगेल आज इथे असती तर तिने कोपऱ्यातल्याला +१ दिला असता, आणि फेनविकबाईंनी धागा उडवायला सांगितला असता.

कोपऱ्यातला
आता मला कोणी काही बोलायचं नाही. :)

जुनी_पोथी
एवढं हुरळू नका. नाइटिंगेलचा विरोध नोंदणीला होता, शिकण्याला नव्हे. नर्सने वर्षभर शिकून झाल्यावर शिकणं थांबवावं हे तिला मुळीच मान्य नसतं. शिवाय बाई आकडेवारीत पक्क्या होत्या, तुमच्यासारखं गणित टाळायच्या नाहीत.

कोपऱ्यातला
गणित निळी टाळते, मी नाही! मी समाजशास्त्र टाळतो.

आईची_काळजी
मुलगी पहिल्या वर्षाला आहे. पहिल्याच पोस्टिंगला ड्रेसिंग बघताना चक्कर येऊन पडली. आता म्हणते मला जमणारच नाही, सोडते. घरात सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. असं होतं का कोणाला?

मेल_नर्स_आहे
ताई, भरपूर जणांना होतं. रक्त किंवा जखम बघून नाडी मंदावते, बीपी पडतं, मेंदूला क्षणभर रक्त कमी मिळतं, माणूस खाली. मनाच्या कमकुवतपणाशी त्याचा काही संबंध नाही. उपाशीपोटी ड्यूटीला जायचं नाही, उभं असताना गुडघे ताठ लॉक करायचे नाहीत, पोटऱ्या आणि मांड्या मधूनमधून आवळायच्या. घाम फुटला, कानात आवाज यायला लागला की सरळ खाली बसायचं, लाजायचं नाही. उभ्याने पडून डोकं आपटण्यापेक्षा बसलेलं बरं. आणि नुसतं बघत उभं राहण्यापेक्षा हातात काम असलं की कमी होतं, तेव्हा सामान पुढे करायचं काम मागून घ्यायला सांगा. बहुतेकांचं हळूहळू जातं.

आमच्या बॅचचा सगळ्यात धिप्पाड मुलगा पहिल्या प्रसूतीला आडवा झाला होता. बाळंतीण त्याची विचारपूस करत होती.

आईची_काळजी
हे वाचून दाखवलं तिला. शेवटच्या ओळीला हसली. खूप दिवसांनी.

साखरझोप
मी डॉक्टर आहे, सध्या रेसिडेन्सी. दुसऱ्या बाजूने सांगतो. रात्री तीनला फोन येतो. एक प्रकार: ‘डॉक्टर, सात नंबरचा पेशंट बरा वाटत नाहीये.’ बरा वाटत नाही म्हणजे काय? दुसरा प्रकार: ‘सात नंबर, काल गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी. अर्ध्या तासापासून धाप लागलीय, श्वास २८, ऑक्सिजन ८८ टक्के, आधी ९६ होतं. एक पोटरी सुजलीय. मला गुठळीची शंका आहे, ऑक्सिजन लावलाय, तुम्ही आत्ता या.’ दुसऱ्या फोनला मी चप्पल न घालता धावतो.

हे बोलणंसुद्धा शिकवतात. परिस्थिती, पार्श्वभूमी, पाहणी, मागणी या क्रमाने, ‘एसबार’ म्हणतात त्याला. कोपऱ्यातले, तुमच्या नावडत्या केअर प्लॅनचीच ही तोंडी आवृत्ती आहे बरं का.

आणि निळी, क्रेब्स सायकलची एवढी थट्टा नको. पेशींना ऑक्सिजन पुरेना झाला की ती गाडी अडते आणि रक्तात लॅक्टेट साचायला लागतं. सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव बिघडायला लागलेल्या) पेशंटचा लॅक्टेट २ च्या वर गेला की आम्ही सावध होतो, ४ म्हटलं की पळापळ. त्या रिपोर्टकडे तू उद्या बघशील तेव्हा घसा बसल्याचं सार्थक होईल.

कोपऱ्यातला
तो फोन मी केअर प्लॅन न लिहिताही तसाच केला असता. पण ठीक आहे, अर्धा गुण देतो.

दूरदेशी
मूळ प्रश्नाचा डिप्लोमा-डिग्रीचा भाग राहूनच गेला. २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला होता, नऊ युरोपीय देशांतली ३०० रुग्णालयं. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या नोंदी तपासल्या. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी. हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झाला असं नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

कोपऱ्यातला
त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य तुम्ही खाल्लंत. प्रत्येक नर्सवर एक पेशंट वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. पदवी द्या नाहीतर पीएचडी द्या, एका नर्सच्या माथी तीस पेशंट मारले तर तिला फिजिऑलॉजी आठवायला वेळ कुठून मिळणार? मी सोडलं ते याच कारणाने. अभ्यासक्रमाचं मी वर जे बोललो ते बोललो, पण राग तिथला नाहीये.

रात्रपाळी
याला मात्र माझा पूर्ण +१. वर मी ऐटीत जे सांगितलं ते आयसीयूत शक्य आहे, कारण माझ्याकडे एक नाहीतर दोन पेशंट असतात. जनरल वॉर्डात तीस खाटांमध्ये त्या तरुणाची नाडी दर तासाला कोण मोजणार? अभ्यासक्रम धरून चालतो की बघायला माणूस आहे.

चष्मा_कुठाय
आणि आमच्याकडचे विद्यार्थीच ती कमतरता भरून काढायला वापरले जातात, हेही लिहून ठेवा. शिकायला पाठवलेली मुलगी दिवसभर नमुने लॅबला पोचवते आणि चादरी मोजते. लॉगबुकात त्याची नोंद ‘क्लिनिकल तास’. एवढे तास, तेवढे तास म्हणताना त्या तासांत काय झालं ते कुणी विचारत नाही.

मेल_नर्स_आहे
चादरी मोजण्यात माझं एक अख्खं पोस्टिंग गेलंय.

निळी_शाई
सगळं दोनदा वाचलं. डिप्लोम्याचा विचार सोडलाय, राहते इथेच. परवापासून मेडिकल वॉर्डात पोस्टिंग आहे, पहिल्यांदाच सलग. एकच पेशंट देणार आहेत. काय करू म्हणजे वेळ वाया जाणार नाही?

रात्रपाळी
आदल्या दिवशी जाऊन फाईल वाच. औषधांची यादी उतरवून घे आणि प्रत्येकापुढे लिही की या माणसाला हे का चाललंय. जिथे उत्तर येणार नाही तिथे खूण कर, ते वॉर्डात विचार. मग हँडओव्हरच्या वेळी (एक पाळी दुसरीला पेशंट सोपवते तेव्हा) नुसती मागे उभी राहू नकोस, पुढे सरक आणि ऐक. श्वास स्वतः मोज. १८ लिहायचा नाही!

चष्मा_कुठाय
आणि केअर प्लॅन त्याच पेशंटचा लिही. सीनियरच्या फाईलीतला नको. मला ओळखता येतो.

तिरकस
आणि समासही आखा.

नवी_पहाट
छान धागा. मला एक विचारायचंय, बारा तासांच्या ड्यूटीला बूट कोणते चांगले?

मेल_नर्स_आहे
पुढून बंद, पुसता येतील असे, तळ न घसरणारा. संध्याकाळी विकत घ्यायला जा, पाय सुजलेले असतात तेव्हाचं माप खरं. बाकीचं वेगळा धागा काढून विचार, इथे आत्ताशी शांतता झालीय.